हनुवटीवरचे तीन ठिपके

मी गाव सोडलं त्या सकाळी गया मला पोचवायला रस्त्यापर्यंत आली नाही. अंगणात शेळीचं दावं धरून उभी राहिली आणि म्हणाली, "जा बाई. तिथं तरी गुडघ्याला आराम पडंल." शेळी खुंट्याला बांधलेलीच होती, धरायची काही गरज नव्हती. हाताला काहीतरी पाहिजे म्हणून तिनं धरलं होतं. मीही तिच्याकडं फार बघितलं नाही. रडले नाही. गुडघा इतका ठणकत होता की रडायला सवड नव्हती.

गया माझी थोरली बहीण, आणि माझी जाऊही. आम्हा दोघी बहिणींना एकाच घरात दोघा भावांना दिलं होतं. लग्नाआधी एका चुलीवरचं खाल्लं, लग्नानंतरही तेच. आता दोघींचे नवरे गेले. तिला मुलगा मिलिंद, सून, नातवंडं. मला एकच मुलगी, सुजाता, ती बीडला. गुडघे गेल्यावर मी शेतात कामाची राहिले नाही आणि सुजाता मला न्यायला आली. एवढंच कारण. कुणी हाकललं नाही, कुणी फसवलं नाही.

मिलिंदनं मोटारसायकलवरून नेकनूरला एसटीपर्यंत सोडलं. गाठोड्यात एक वाकळ, लुगडी आणि लोखंडी तवा होता. सुजाता म्हणाली, आई, तवा कशाला, घरी आहे की. मी म्हणाले, तुझा तवा तुला राहू दे. नव्या तव्यावरून भाकरी नीट सुटायला वर्ष जातं, आणि माझ्याकडं किती वर्षं आहेत कुणाला ठाऊक.

बीड काही लांब नाही. पुण्याला गेलेली, त्याच्याही पलीकडं गेलेली आपली पोरं हे वाचून हसतील. हसा. आपल्याकडची निम्मी माणसं दसरा झाला की ऊस तोडायला जातात, परमुलखात पाचटाच्या कोप्या घालून राहतात, पण जाताना घराला कुलूप लावतात. कुलूप लावलेलं घर वाट बघत असतं. मला कुलूप लावावं लागलं नाही. माझ्यामागं चूल पेटत राहिली, शेळी दूध देत राहिली, कुणाचं काही अडलं नाही. घर सुटणं म्हणतात ते हे. तुम्ही कितीही लांब जा, याच्याहून जास्त सुटत नाही.

सुजाताच्या दोन खोल्या दुसऱ्या मजल्यावर आहेत. गावात पाणी हापशाला जाऊन आणायचं, इथं नळ घरात आहे पण पाणी आठवड्यानं येतं. ते आलं की अख्खी बिल्डिंग भांडी घेऊन धावते आणि तेवढ्या वेळात मला सगळ्यांची तोंडं दिसतात. एरवी दारं बंद. पहिले काही महिने मी खिडकीत बसून रस्त्यावरच्या गाड्या बघितल्या. गावात दिवसभरात चारदा कुणीतरी विचारायचं, काय भागाबाई, जेवलीस का. इथं विचारायला कुणी नाही आणि मीही कुणाला विचारत नाही.

सुजाता एका हायस्कूलमध्ये शिकवते. विषय ग्राफिक डिझाइन आणि डिजिटल फोटोग्राफी. हे शब्द तोंडात बसायला मला एक उन्हाळा लागला. मी चौथी शिकले, पुढची शाळा नेकनूरला होती आणि पोरीला तेवढं लांब कोण पाठवणार. तरी वाचते, लिहिते. बाप म्हणायचा, "कुठं अंगठा लावायचा न्हाई." ते मी पाळलं.

सुजाता नवऱ्याला सोडून आली तेव्हा गावानं तोंड वाकडं केलं होतं. नंतर ती फोटो काढायला शिकवते म्हटल्यावर आणखी केलं. गया तर तिला तोंडावर म्हणाली, "त्याला शिकावं कावून लागतं? बटन दाबलं की निघतोय की." सुजाता हसली. मी हसले नाही, कारण मलाही तसंच वाटत होतं.

मग एक दिवस सुजाता म्हणाली, आई, वर्गात चल. मुलांना माणसाचा फोटो काढायला शिकवायचाय आणि ती एकमेकांचे काढायला लागली की नुसती खिदळतात. हलणार नाही असं माणूस पाहिजे. मी म्हणाले, गुडघ्याच्या कृपेनं मी हलत नाहीच. दुसऱ्या दिवशी रिक्षानं गेले.

खिडकीजवळ खुर्ची ठेवलेली होती. एका बाजूनं उजेड यायचा. मुलं आळीपाळीनं कॅमेरा घेऊन समोर यायची. पहिलाच पोरगा म्हणाला, आज्जी, हनुवटी थोडी वर घ्या. मी म्हणाले, "वर घेतली की मान दुखती. तूच खाली बस." तो मुकाट खाली बसला. त्यानंतर मी आठवड्यातून एकदा जायला लागले. शिपाई मला बघून गेट उघडायचा. मुलं विचारायची, आज्जी, जेवलात का. ती विचारायची तेव्हा मला गावची आठवण यायची, आणि आठवण आली की मी त्यांच्यावर खेकसायची.

बीडच्या पोरांना डिझाइन म्हटलं की फ्लेक्स दिसतो. चौकाचौकात लागलेले असतात, वाढदिवसाचे, निवडीचे, श्रद्धांजलीचे. मध्ये एक मोठं तोंड, खाली रांगेनं लहान तोंडं, मागं सिंह नाहीतर सूर्य. सुजाता त्यांना सांगायची की कागदावर मोकळी जागा ठेवायला शिका. एक जण उठून म्हणाला, "मॅडम, हितं जागा मोकळीच राहिली. मामाचा फोटो टाकू का?" एकानं माझाच फ्लेक्स केला. मी डोक्यावर पदर घेऊन बसलेली, मागं सिंह, वर वाढदिवसाच्या शुभेच्छा. मी म्हणाले, माझा वाढदिवस कुठला ते मला माहीत नाही, सिंहाला विचार.

पण मी तिथं नुसती वेळ घालवायला जात नव्हते. मला एक फोटो पाहिजे होता. भिंतीला लावायचा. माणूस गेलं की घरचे आधार कार्डावरचा फोटो मोठा करून आणतात, आणि माझ्या आधार कार्डावर मी शेळी चोरून नेताना सापडल्यासारखी दिसते. तो नको होता. मला माझं तोंड जसं आहे तसं गावच्या घराच्या भिंतीला लागायला हवं होतं. याचं कारण त्या भिंतीवरच आहे.

आमच्या आईबापाला मुलगा नव्हता. म्हातारपणी ते आम्हा दोघींकडं येऊन राहिले, लेकींच्या दारात मरायला आले असं लोक बोलले. आई आधी गेली. तिचा एकच फोटो होता, माझ्या लग्नातला, पाचसहा बायकांच्या घोळक्यातला. तो घेऊन माझा नवरा बीडला एका स्टुडिओत गेला. स्टुडिओवाल्यानं घोळक्यातून आईचं तोंड उचललं, मोठं केलं, निळ्या पडद्यापुढं बसवलं. फोटो हातात देताना म्हणाला, चेहरा साफ करून दिलाय, डाग सगळे काढून टाकले. आई गोरी झाली होती, गुळगुळीत झाली होती. आणि डाग म्हणून त्यानं जे काढलं ते तिचं गोंदण होतं. कपाळावरची कोर आणि हनुवटीवरचे तीन ठिपके.

बाप त्या फोटोपुढं उभा राहिला आणि म्हणाला, "ही कोन?" मग बाहेर जाऊन बसला. पुढं जगला तोवर भिंतीकडं पाठ करून जेवला.

गंमत अशी की गोंदणाला सगळ्यात जास्त विरोध त्याचाच होता. आम्ही बौद्ध झालो तेव्हा मी लहान होते. बापानं घरातले देव बाहेर काढले, जुनं सगळं सोडायचं म्हणाला. त्यानंतर कार्तिकात आई आम्हा दोघींना घेऊन कपिलधारच्या यात्रेत भाजक्या शेंगा विकायला गेली. गर्दी मरणाची होती. मी हातातून सुटले आणि बराच वेळ सापडलेच नाही. सापडले तेव्हा आईनं आधी मला एक ठेवून दिली, मग आम्हा दोघींना धरून गोंदणाऱ्या बाईपुढं नेऊन बसवलं. म्हणाली, "माझ्या तोंडावर हाय तेच यांच्या तोंडावर काढ." पदरात उरलेल्या शेंगा त्या बाईच्या ओटीत ओतल्या. गया ओरडली, मी ओरडले, संध्याकाळी तोंडं सुजून घरी आलो. बाप भडकला. पोरींना डाग लावून आणलेस म्हणाला. आई भाकरी थापत होती, तिनं वळूनसुद्धा बघितलं नाही. "हरवल्या तर वळखू येतील," एवढंच म्हणाली.

स्टुडिओवाल्यानं तो लग्नातला फोटो परत दिलाच नाही. पुढं स्टुडिओ गेला, तिथं मोबाईलचं दुकान आलं. आईचं खरं तोंड आता फक्त गयाच्या आणि माझ्या डोक्यात आहे, आणि आमची डोकी काही कायमची नाहीत. म्हणून मला माझा फोटो पाहिजे होता. माझ्यामागं कुणी साफ करायला न्यायच्या आत.

वर्गात आरती नावाची मुलगी होती, चौसाळ्याकडची. आईबाप उसाला जातात, ती बीडला वसतिगृहात राहते. बोलणं कमी, पण सुजाता म्हणायची तिला उजेड कळतो. मी सुजाताला सांगितलं, माझा फोटो त्या पोरीला काढू दे. आरतीनं दुपारभर मला खिडकीशी बसवलं. पुढच्या आठवड्यात छापलेला फोटो हातात दिला आणि समोर उभी राहिली.

मी बघितलं. गोरी, गुळगुळीत बाई. कपाळ कोरं, हनुवटी कोरी. मला बापासारखंच विचारावंसं वाटलं, ही कोण. पण पोरगी समोर उभी होती. मी म्हणाले, "माझं तोंड कुठं गेलं गं?"

तिला आधी कळलंच नाही. मग म्हणाली, "आज्जी, तुमी चांगल्या दिसाव्या म्हणून केलं. माझ्या आज्जीच्या फोटोतलं पण काढलंतं. समद्यांचंच काढत्यात."

तिचं खरं होतं. आपल्याकडं मेलेल्या माणसाला आणि लग्नातल्या नवरीला गोरं करतातच, त्याला आपण चांगुलपणा म्हणतो. मी तिला ओरडले नाही. तिच्या शेजारी बसले आणि आईच्या फोटोचं सगळं सांगितलं. तिनं ऐकता ऐकता संगणक चालू केला, माझा फोटो उघडला, काहीतरी दाबलं. गोरेपणा उतरला. आणखी दाबलं, सुरकुत्या आल्या. मग कपाळावर कोर आली, मग ठिपके. म्हणाली, मूळ फाईल खाली तशीच ठेवलेली असते, आज्जी. आपण जे करतो ते वरच्या लेयरवर करतो.

मी विचारलं, "मग माझ्या आईची खालची फाईल कुठं हाय?"

ती पडद्याकडून माझ्या हनुवटीकडं वळली. म्हणाली, गावाकडचा तो फोटो आणता येईल का. तुमचं गोंदण आणि त्यांचं सारखंच आहे म्हणता ना.

फोटो खाली काढून बीडला आणायला गयानं साफ नकार दिला. एकदा बीडला नेला तेव्हा काय झालं ते बघितलंय म्हणाली. मग सुजातानं शाळेत परवानगी काढली आणि हिवाळ्यात मुलांना प्रात्यक्षिकासाठी आमच्याच गावाला घेऊन गेली. मीही बसले गाडीत.

गाव अर्धं रिकामं होतं, माणसं उसाला गेलेली. मुलांना वाटलं होतं म्हातारे, बैल, शेतं असं काहीतरी टिपायला मिळेल. आरतीनं फक्त कुलपांचे फोटो काढले. गंजलेलं कुलूप, चिंधी बांधलेलं कुलूप, कडीला नुसतीच तार. तिच्या घरालाही त्या दिवसांत तसंच असणार.

दुपारी आईचा फोटो भिंतीवरून उतरवला. काच चमकत होती म्हणून चौकटीतून बाहेर काढून बाजेवर ठेवला आणि आरतीनं वरून त्याचा फोटो घेतला. लॅपटॉप अंगणात आणला. ऊन लागतं म्हणून मिलिंदच्या बायकोनं त्याच्यावर लुगडं धरलं. आरतीनं माझ्या हनुवटीवरचे ठिपके आईच्या तोंडावर आणून ठेवले. तेवढ्यात सुजाता मला बाजूला घेऊन म्हणाली, "आई, मी या मुलांना वर्षभर सांगते की माणसाचा चेहरा बदलायचा नाही. आणि आता माझ्यासमोर हे करायचं? हा फोटो खरा राहणार नाही."

"तो खरा होता कधी?" मी म्हणाले.

मुलांकडं वळून तिनं सांगितलं की हे आपण करतोय, पण फोटोच्या मागं लिहून ठेवायचं, गोंदण लेकींनी सांगितल्यावरून परत घातलंय. ते मला पटलं. त्या स्टुडिओवाल्यानं काही लिहिलं नव्हतं.

गयाला एका डोळ्यानं धड दिसत नाही. ती लॅपटॉपला नाक लावून बसली. आरती उंदराच्या आकाराचं ते यंत्र सरकवत होती आणि ठिपके आईच्या तोंडावर मुंग्यांसारखे फिरत होते.

"खाली," गया म्हणाली. "आनखी. थांब. लई खाली गेला."

मी म्हणाले, बरोबर आहे की, माझ्या हनुवटीवर तिथंच आहे.

"तुज्या हनुवटीचं सांगू नको, भागे. तुजी हनुवटी बापावर गेलीय. आईची बारीक व्हती."

आमची जुंपली. मी म्हणाले तिन्ही सारख्या अंतरावर होते. ती म्हणाली, मधला वर होता. मी म्हणाले, तू थोरली म्हणून सगळं तुलाच माहीत का. मुलं कॅमेरे खाली ठेवून ऐकत होती. आरतीनं हात उचलून घेतला होता, दोघी एक काय ते सांगा म्हणून. शेवटी गया म्हणाली, "मी तिच्या मांडीवर डोकं ठिवून खालून बघायची. तू तर मांडीवर कदी टिकलीच न्हाईस, पळतच व्हतीस. हसली की मधला ठिपका वर जाऊन वठाखाली लपायचा."

मी खरंच पळत होते. म्हणून तर यात्रेत हरवले.

आरतीनं मधला ठिपका वर घेतला, ओठाच्या सावलीत अर्धा लपवला. कपाळावर कोर ठेवली. मग कुणी न सांगता तोंडाचा रंग उतरवत नेला, सावळं केलं. त्या स्टुडिओवाल्यानं चढवलेल्या गोरेपणातून एक उन्हात राबलेली बाई वर आली. तंतोतंत नव्हती. नाकापाशी अजून गुळगुळीतच होती, तिथलं काही आम्हाला आठवलं नाही, म्हणून राहू दिलं.

गयानं बघितलं. चांगला डोळा जवळ नेऊन, मग लांब नेऊन. मग म्हणाली, "आता वळखू येती."

तिनं आईचे शब्द मुद्दाम वापरले की तोंडात आले, मी विचारलं नाही. उठून मोरीकडं गेले.

परत निघताना मुलांनी गयाला म्हटलं, आज्जी, तुमचाही एक काढू. ती नको नको म्हणाली, मग पदर सारखा करून उभी राहिली आणि हाताला काहीतरी पाहिजे म्हणून शेळीचं दावं धरलं. तसाच काढला. मी आरतीला सांगितलं, शेळी ठेव. काही साफ करू नको.

आईचा नवा फोटो छापून मिलिंदनं भिंतीला लावला. मागं सुजाताच्या अक्षरात ते वाक्य आहे. माझा फोटो आम्ही अजून लावलेला नाही. जिवंत माणसाला मेलेल्यांच्या रांगेत लावत नाहीत. तो गयाच्या ट्रंकेत आहे, तयार. तिचा, शेळीसकट, माझ्या गाठोड्यात आहे. जी आधी जाईल तिचा दुसरीनं लावायचा, आणि लावायच्या आधी ठिपके मोजायचे, असं ठरलंय. स्टुडिओवाल्याच्या हातात द्यायचा नाही.

बाहेर गेलेल्या माझ्या माणसांनो, तुमच्या घरात कोणते फोटो आहेत ते एकदा नीट बघा. त्यातली माणसं तुमची आहेत का, हे सांगणारं कुणी म्हातारं अजून असेल तर त्याला विचारा. मला विचाराल तर माझं राहणं आता बीडलाच आहे. तवाही इथंच आहे. दर आठवड्याला खिडकीशी बसते, नवी मुलं येतात, हनुवटी वर घ्या म्हणतात. पण घर म्हणायचं तर ते तिकडं, जिथं एक बाई अजून माझ्याशी भांडू शकते की माझ्या आईचा मधला ठिपका कुठं होता.

मुलांना घेऊन गावाला गेलो त्या दिवशी परतीची गाडी निघाली तेव्हा गया रस्त्यापर्यंत आली होती. शेळी घेऊनच आली.